उडत्या वीराचा दोर

माझ्या मामानं आम्हा भाचरांपैकी एकालाही कधी उचलून घेतलं नाही. लाड मात्र भरपूर करायचा. जमिनीवर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "चढा रे माझ्यावर!" आम्ही पाचजण त्याच्या पोटावर धुडगूस घालायचो. पण कुणी हात वर करून "मामा, उचल ना," म्हटलं, की हा उठून चहा टाकायला जायचा. आई म्हणायची, त्याच्या खांद्यात कळ येते. मामी म्हणायची, अंगात आळस भरलाय, दुसरं काही नाही. खरं कारण दोघींना माहीत होतं, पण त्या विषयावर घरात अळीमिळी गुपचिळी. मी मोठी झाल्यावर एकदा आईला कोपऱ्यात गाठून ते काढून घेतलं.

मामा तरुणपणी सिनेमाच्या स्टुडिओत दोर ओढायचा. हसू नका, तो रीतसर धंदा होता. पडद्यावर माणूस उडायचा तेव्हा त्याच्या कमरेला बारीक पोलादी तार असायची, ती छतातल्या कप्पीवरून खाली यायची, तिला जाड दोर जोडलेला असायचा आणि दोराच्या टोकाला माझा मामा असायचा. दोरवाल्यांनी वर बघायचं नाही असा नियम होता. दोरावर खडूची खूण असायची, ती हातात आली की थांबायचं. त्यामुळे मामानं आयुष्यात इतक्यांना उडवलं, पण उडताना एकालाही पाहिलं नाही.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी उडत्या वीराचा तो सिनेमा निघाला. निळी झूल पाठीवर टाकून आकाशातून येणारा, पडणाऱ्यांना झेलणारा वीर. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, डोळे चमकतील त्यांचे. त्या सिनेमाच्या वेळी मामाच्या दोरावरून माणूस पडला. वीराचं काम करणारा नट नव्हे, तो बाजूला बसून चहा पीत होता. पडला तो त्याच्या जागी लटकणारा, तिशीचा, हडकुळा, ज्याला सगळे चिमण्या म्हणायचे. चाळीस फुटांवरून पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. कसा पडला ते मामानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचं स्टुडिओत जाणं बंद. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तळमजल्यावर डिंकाच्या यंत्रापाशी त्यानं पुढची तीस वर्षं काढली. तो सिनेमा त्यानं कधीच पाहिला नाही. टीव्हीवर दुपारचा लागायचा तेव्हा बाहेर फिरायला जायचा आणि खांदा धरून परत यायचा.

आणि माझं नशीब बघा, तोच सिनेमा माझ्या टेबलावर आला.

मी जुने सिनेमे साफ करते. म्हणजे सिनेमाची धुणीभांडी म्हणा ना. दुसऱ्या मजल्यावर काळे पडदे लावलेली खोली, चार कॉम्प्युटर, एक एसी जो बादलीत ठिबकतो. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. त्यातल्या प्रत्येकावरची धूळ, ओरखडे, बुरशी मी एकेक करून पुसते. आमचे साहेब कधीकाळी हेच करायचे, आता उंटावरून शेळ्या हाकतात. माझ्याबरोबर एक रंगवाला आहे, एक आवाजवाली आहे. नवीन सिनेमा आला की आधी एक कागद भरावा लागतो: हा आजच्या काळात टिकतो की नाही. सही साहेबांची, पण मत लिहायचं ते पुसणाऱ्यानं, असा आमच्याकडे रिवाज, कारण प्रत्येक चित्र डोळ्यांखालून घालणारी तीच. मी "टिकत नाही" लिहिलेले अकरा सिनेमे आजही डब्यात पडून आहेत. त्यांचे मालक मला कुठल्या शब्दांत आठवत असतील ते मला माहीत आहे.

आम्ही चौघांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. खलनायक गुहेत राहतो आणि गुहेत फ्रिज आहे. नायिका नऊ वेळा बेशुद्ध पडते, मी मोजलंय. शहर म्हणजे खोकी, खिडक्या कापलेल्या, आत दिवे. वीर उतरतो तेव्हा त्यातलं एक खोकं चक्क आडवं होतं आणि कुणी परत चित्रण करायची तसदी घेतलेली नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात बसली. हा वीर कुणालाही वाचवलं की आधी विचारतो, "लागलं का?" प्रत्येक वेळी. गल्लीतल्या म्हातारीलाही आणि पुलावरून फेकलेल्या चोरालाही. हल्लीचे वीर अर्धं शहर पाडतात, पण लागलं का म्हणून कुणी विचारत नाही.

मग तो प्रसिद्ध प्रसंग आला. दोन इमारतींच्या मधून वीर तरंगत जातो, पाठमोरा, नऊ सेकंद, दोनशे सोळा चित्रं. आणि कमरेपासून वरपर्यंत तार लख्ख दिसते.

"चादरवाले काका वाळत घातलेत!" रंगवाला ओरडला.

आवाजवालीला ठसका लागला. मीही हसले. तेवढ्यात पडद्यावरच्या पाठमोऱ्या माणसानं मान किंचित वळवून खाली पाहिलं. ते वीराचं पाहणं नव्हतं. खाली कोणी आहे ना, याची खात्री करून घेतात तसं ते पाहणं होतं. माझं हसू तिथंच थिजलं.

"सगळं चालेल," साहेब म्हणाले, "पण तार गेलीच पाहिजे. तेवढा प्रसंग नमुना म्हणून साफ कर, कंपनीला दाखवू आणि मग मत लिही. शुक्रवारपर्यंत."

रविवारी मामाकडे गेले होते तेव्हा मी बढाई मारली. काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हटलं, "मामा, तुझा दोर असा पुसणार आहे की कुणाला पत्ता लागणार नाही."

त्यानं कप खाली ठेवला. "आणि मग त्याला कोण धरणार?"

मला वाटलं, विनोद करतोय. पण तो हसत नव्हता. "पुसू नकोस," तो म्हणाला. "पडेल तो."

"झालं सुरू!" मामी म्हणाली आणि तिनं विषय पंख्याच्या आवाजावर नेला.

सोमवारी मी काम सुरू केलं. प्रसंग पुढेमागे करत पंधरा-वीस वेळा चालवला, तसं करावंच लागतं. दुपारी मामीचा फोन आला.

"अगं, ह्यांच्या हाताला काहीतरी झालंय. उजवा हात आपोआप वर जातो. मूठ आवळलेली, हात डोक्याच्या वर, कुणी ओढल्यासारखा. खांद्याचं हाड वाजतं गं. मग खाली येतो. मी घड्याळ लावून बघितलं, नऊ सेकंद."

"कधीपासून?"

"सकाळपासून. मागच्या आठवड्यातही एकदा झालं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आज कॅलेंडरच्या कडेला वेळा लिहिल्यात, डॉक्टरला दाखवायला. दहा चाळीस, दहा बावन्न, सव्वाअकरा..."

आमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक खेपेची वेळ नोंदली जाते. मी यादी उघडली. दहा चाळीस. दहा बावन्न. सव्वाअकरा. मनाला बजावलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. पण मन म्हणजे काय साहेब थोडंच आहे, काहीही सांगितलं की ऐकायला?

"मामी, त्याला समोर बसव. त्याला काही सांगू नकोस. फोन चालू ठेव." मी प्रसंग चालवला.

तिकडून मामी हळूच म्हणाली, "गेला गं वर."

मी मधेच थांबवला. पडद्यावर चिमण्या दोन इमारतींच्या मधे लटकून राहिला, मान वळवलेली.

"वरच राहिलाय!" मामी किंचाळली. "खाली येत नाहीये!"

आणि तिच्या मागून मामाचा आवाज आला, शांत, तरुण माणसाचा असावा तसा. "घाई करू नका रे. धरलंय मी."

मी सगळं बंद केलं.

मंगळवारी डॉक्टरांनी मामाला विचारलं, "आजोबा, या वयात रोज पोतं उचलता का?" खांद्याचा सांधा झिजून सैल झाला होता. असंच चाललं तर निखळेल, म्हणाले. मी ठरवलं, प्रसंग पुन्हा चालवायचाच नाही. एकेक चित्र उघडायचं, तार पुसायची, पुढचं घ्यायचं. काम संपलं की सुटला मामा. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. बुधवारी सकाळी बसले. साठ चित्रांवरची तार पुसून झाली असेल-नसेल, फोन वाजला. या खेपेला मामा स्वतः.

"काय करतेस गं तू? सरकतोय."

"काय सरकतोय, मामा?"

"सरकतोय! थांब!"

पाठोपाठ मामीनं फोटो पाठवला. मामाचा तळवा, आणि त्यावर आडवा लाल पट्टा, कातडी सोलून निघालेली. दोर हातातून सर्रकन गेला की जसं भाजतं तसं. मी पुसलेल्या साठही चित्रांवर तार परत आणली. रडत रडत आणली, सांगायला लाज कसली!

साहेबांना सांगितलं, मला हे काम जमणार नाही. काय कारण सांगणार? डोळे दुखतात म्हटलं. ते म्हणाले, "ठीक आहे, उद्या रंगवाला करेल. तो एका दिवसात उडवेल." रंगवाल्यानं कॉलर ताठ केली. त्याला काय कल्पना? मी घरी जाऊन मामीला फोन केला आणि सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "हे ऐकतायत. म्हणतायत, उद्या येतो."

गुरुवारी सकाळी नऊला, बाकीचे यायच्या आधी, मामा दोन जिने चढून आमच्या दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, तळव्याला पट्टी. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तळमजल्याच्या वर पाहिला मी.

"दाखव," तो म्हणाला.

"मामा, हात..."

"हाताचं मी बघतो. तू दाखव."

मी चालवला. मामानं शेहेचाळीस वर्षांनी वर पाहिलं. निळी झूल, खोक्यांचं शहर, दिवे. त्याचा हात माझ्या डोळ्यांदेखत वर गेला, मूठ आवळली आणि मग मी जे पाहिलं ते मामीच्या फोनवर कळलं नव्हतं. त्याच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. तो चवड्यांवर आला. मी धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. नऊ सेकंद संपले तेव्हा तो धपकन खाली आला.

"तेव्हा मी सत्तर किलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "आता अठ्ठेचाळीस. चिमण्या पन्नासचा. आता तो मला ओढतो."

मी त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ग्लास धरवेना त्याला, मीच पाजलं.

"हाच तो प्रसंग," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "सातव्यांदा केला होता. पडण्याच्या आधी कापलाय त्यांनी. म्हणून इथे तो वरच आहे. इथे मी अजून सोडलेला नाही."

मग त्यानं सांगितलं, जे मामीलाही सांगितलं नव्हतं. दोरवाला दमला की दोर सोडत नाही. मागचा माणूस येतो, आपले हात पहिल्याच्या हातांच्या वर ठेवतो. हाताला हात लागला पाहिजे. मग तो म्हणतो, "घेतला." मगच पहिल्यानं सोडायचं. त्या दिवशी सातवी खेप, जेवायला उशीर, दिग्दर्शकाची आरडाओरड. मागचा माणूस तळव्यांना फडकं गुंडाळत उभा होता. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "घेतला."

"मी हात लागायची वाट बघितली नाही," मामा म्हणाला. "रोजचा माणूस, रोजचा शब्द. सोडला मी. आणि हात असा हलका झाला ना... मला बरं वाटलं गं. तो वरून पडत होता आणि मला बरं वाटत होतं. एवढं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं."

तो लहान पोरासारखा रडला. मीही रडले. मग मला राग आला, सगळ्यांचाच. दिग्दर्शकाचा, फडक्यावाल्याचा, चहा पीत बसलेल्या नटाचा. मी उठून प्रसंग परत सुरुवातीला नेला.

"काय करतेस?"

"माझ्याकडे दे."

"वेडी आहेस का? तुला नाही झेपायचा."

"माझं वजन बासष्ट आहे, मामा. घरादारानं टोमणे मारून झालेत, एकदा तरी ते कामाला येऊ दे."

"हे विकतचं दुखणं आहे पोरी."

"माहितीये. वाद घालू नकोस, उभा राहा."

प्रसंग सुरू झाला. मामाची मूठ वर गेली. मी त्याच्या मागे उभी राहिले, हात उंच केले आणि त्याच्या मुठीच्या वर, रिकाम्या हवेत, माझी मूठ वळली. त्याच्या बोटांना माझी बोटं घट्ट टेकवली.

"घेतला," मी म्हटलं.

त्यानं सोडला नाही. "हात लागला?"

"लागला."

"नीट?"

"नीट लागलाय, मामा."

त्यानं एकेक बोट उघडलं. आधी करंगळी. शेवटी अंगठा.

आणि माझ्या खांद्याला हिसका बसला. मुठीत काहीतरी होतं. दिसत नव्हतं, पण होतं. खरखरीत, गार आणि मी समजत होते त्यापेक्षा खूप जड. ते किंचित हलतही होतं. टांगलेलं पोतं हलतं तसं नव्हे, तर वर टांगलेला माणूस श्वास घेतो तेव्हा दोर हलेल तसं. मी खूण नसलेल्या त्या हवेकडे बघत उभी राहिले, वर बघायची हिंमत झाली नाही.

प्रसंग संपला आणि ते वजन नाहीसं झालं. मामा खुर्चीत बसल्या बसल्या झोपला, तोंड उघडं टाकून. बाकीचे आले, त्यांना सांगितलं, मामा आहेत, जिना चढून दमलेत. तो दोन तास झोपला. जागा झाल्यावर आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि घाबरला.

"जड आहे का गं?"

"छे! चिमण्याच तर तो," मी म्हटलं.

त्या दुपारी मी रंगवाल्याला हात लावू दिला नाही. दोनशे सोळाही चित्रांवरची तार मी पुसली. काही सरकलं नाही. चित्र उघडलं की वजन परत उजव्या मुठीत यायचं, ते धरून डाव्या हातानं पुसत होते, म्हणून वेळ लागला, एवढंच. शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर चालवला. तार नाही. दोन खोक्यांच्या मधून निळी झूल शांतपणे तरंगत गेली. रंगवाला चादरीचा विनोद करायला तोंड उघडून बसला होता, ते तसंच राहिलं.

"अरे," तो म्हणाला, "हा तर उडतोय."

पडद्यावर चिमण्यानं मान वळवून खाली पाहिलं तेव्हा आवाजवालीनं माझा दंड धरला. "तो आपल्याकडे बघतोय का गं?" मी म्हटलं, नाही. आपल्याकडे नव्हताच बघत तो. माझ्याकडे बघत होता.

साहेब खूश. कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "लिही आता. तू हो म्हणालीस की कंपनी आधी थिएटरला लावणार आणि महिन्याभरात फोनवर. मग काय, लाखो लोक, कधीही, कुठेही, चोवीस तास."

ते शब्द मी ऐकले आणि बसूनच राहिले. मामाच्या वाट्याला टीव्हीवरच्या वर्षाकाठी दोन-चार दुपारी आल्या होत्या आणि तेवढ्यात त्याचा खांदा गेला. "टिकत नाही" असे दोन शब्द लिहिले असते तर डबा बंद, बारावा सिनेमा. साहेबांनी एका शब्दानं विचारलं नसतं. गुहेतला फ्रिज, नऊ वेळा बेशुद्ध पडणारी नायिका, आडवं झालेलं खोकं, कारणांना तोटा नव्हता. मामाला मोकळं केलंच होतं, आता मीही सुटले असते.

पण डबा बंद केला तरी तो लटकलेलाच राहणार. अंधारात, खाली पाहत, आणि त्याला पाहायला कुणी नाही. शिवाय खरं सांगू का? सिनेमा टिकतो. तो माणूस नऊ सेकंद खरंच उडतो. बावीस वर्षांत मी खोटं मत लिहिलेलं नाही, आणि ज्याला उडताना त्याच्या दोरवाल्यानंही पाहिलं नव्हतं, त्याच्यापासून सुरुवात करायची माझी तयारी नव्हती.

आवाजवालीनं तिकडे तो प्रसंग परत लावला होता. मी कागद ओढला आणि लिहिलं, "टिकतो. सगळीकडे दाखवा." डाव्या हातानं लिहिलं, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं.